निचऱ्याची पट्टी आणि तिचा हिशेब
(जळगांव जामोद येथें शेतकऱ्यांपुढें केलेलें भाषण)



आज आम्ही देवाधर्मावर किंवा निवडणुकीवर बोलणार नाहीं. आपल्या वावरांतून जाणाऱ्या नाल्यावर बोलणार आहों. ज्याच्या पराटीच्या मुळांशीं आठ दिवस पाणी उभें राहिलें, त्याला हा विषय लहान वाटणार नाहीं.

आपला तालुका सातपुड्याच्या पायथ्याशीं. डोंगरावरचें पाणी दक्षिणेस पूर्णेकडे धांवतें. सन २०२३ च्या जुलैंत या आणि संग्रामपूर तालुक्यांत पाऊस कोसळला, तेव्हां शेतें खरडून गेलीं व उभीं पिकें बुडालीं, हें आपण पाहिलें आहे. शिवाय पूर्णेच्या खोऱ्यांत बुलढाणा, अकोला व अमरावती या तीन जिल्ह्यांतून खारपाणपट्टा पसरला आहे. तेथील काळी चिकण माती भिजली कीं फुगते आणि पाणी मुरूं देत नाहीं. विहिरीचें पाणी खारें. साचलेलें पाणी उन्हानें उडालें कीं क्षार वर राहतो आणि वावर हळूहळू चोपण होतें. म्हणून फाजील पाण्याला वाट पाहिजे, आणि ती दरवर्षीं मोकळी राहिली पाहिजे.

वाट एकदां खणणें सोपें, राखणें कठीण. सरकारी यंत्र येतें, नाला खोल करून जातें. दोन पावसाळ्यांत गाळ भरतो, बेशरम माजते, आणि कोणी शेजारी आपला धुरा हातभर पुढें सरकवतो. एकट्यानें आपल्यापुरता चर साफ करून उपयोग नाहीं. खालच्याचा चर बुजला असेल तर पाणी वरच्याच्याच वावरांत फिरतें. पाणी सातबारा पाहून वाहत नाहीं. म्हणून हा खर्च सर्वांचा आहे, आणि तो जमीनधारकांनीं पट्टी बसवून भागवावा, असें आमचें म्हणणें आहे.

“पट्टी” म्हटलें कीं कुणब्याच्या पोटांत गोळा उठतो, आणि त्यास कारण आहे. जोतीराव फुल्यांनीं १८८३ सालीं “शेतकऱ्याचा असूड” लिहिला. शेताची माती वाहून जाऊं नये म्हणून सरकारनें ताली-बंधारे घालावे असें त्यांनीं सांगितलें. आणि शेतकऱ्यांपासून लोकल फंड उकळून त्यांच्याच मुलांना विद्येचा लाभ मिळत नाहीं, अशी तक्रारही केली. यांतून आम्ही एवढें शिकलों कीं पट्टी वाईट नव्हे. जिचा हिशेब देणाऱ्याच्या हातीं नाहीं ती पट्टी वाईट.

आपल्या हातची पट्टी चालते, याचा दाखला दूर नाहीं. धुळें-नाशिक भागांत पांझरा, मोसम या नद्यांवर फड पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. तेथें बागायतदारच पंच निवडीत, मिळून पाट साफ करीत, आणि पाटकरी व जागल्या यांचा मोबदला जमिनीच्या मानानें देत. शिरोळ तालुक्यांत दत्त सहकारी साखर कारखान्याच्या पुढाकारानें शेतकऱ्यांनीं खर्चाचा भार उचलला, जमिनीखालीं सच्छिद्र नळ घातले आणि क्षारपड रानें पुन्हां पिकाखालीं आणलीं.

आतां आपल्या गांवाचा हिशेब मांडूं. समजा, एका नाल्यावर ८०० एकर शिवार आहे. एकरीं ५० रुपये घेतले तर वर्षास ४०,००० रुपये होतात. दोन एकरवाल्यास १०० रुपये, चाळीस एकरवाल्यास २,०००. पट्टी घरावर नको, जमिनीवर हवी; ज्यास जमीन नाहीं त्यानें एक पैसाही देऊं नये. “आमचें रान उंचावर आहे, आम्हांस काय?” असें वरचा म्हणेल. त्याचेंच पाणी खालीं येतें. त्यानेंही वांटा द्यावा, मात्र खालच्यास लाभ अधिक म्हणून त्याचा दर थोडा चढा ठेवावा. ज्याजवळ रोकड नाहीं त्यानें श्रम द्यावे. पण मजुराकडून काम घेतलें तर पुरती मजुरी द्यावी. गांवकामाच्या नांवाखालीं महार-मांगांकडून वेठ घेण्याची रीत होती. निचऱ्याच्या नांवानें ती पुन्हां उभी राहतां कामा नये.

पंचांत मोठ्या वाड्याचेच लोक नकोत. नाल्याच्या शेपटाकडचा अल्पभूधारक हवा, आणि स्वतःच्या नांवें जमीन असलेली बाईही हवी. जमाखर्च दरवर्षीं ग्रामसभेंत मोठ्यानें वाचावा. नाल्यांत धुरा सारणाऱ्यास तो मागें घ्यावयास लावावें, मग तो पाटील असो वा पुढारी.

याचा अर्थ सरकारची सुटका नव्हे. मोठा नाला व पूल सरकारनेंच करावेत. आम्ही राखणीची जबाबदारी घेतों, बांधणीची नव्हे.

ही घाई कां, असें कोणी विचारील. पूर्णेवर जिगांव धरण उभें राहत आहे. पाटाचें पाणी कोणास नको? परंतु नीरेच्या डाव्या कालव्याचा धडा विसरूं नका. १८८५ सालीं तो सुरू झाला. पुढें बागायत वाढली तशा जमिनी पाणथळ व खारवट होऊं लागल्या, आणि मागाहून चर खणण्याची पाळी आली. आपली माती तर मुळांतच क्षाराची. म्हणून आधीं चर, मग पाट.

येत्या ग्रामसभेंत प्रत्येक गांवानें आपल्या नाल्याची लांबी मोजावी, त्यावरील खातेदारांची यादी करावी आणि पंच नेमावे. सावकाराच्या वहींत आपलें नांव पुष्कळ वेळां चढलें. आतां एक वही आपण आपल्या हातानें लिहूं या.