सनद आणि सभासद

कामगार संघटनेचा खटला म्हटला, की एका बाजूस मालक आणि दुसऱ्या बाजूस कामगार असे चित्र आपल्या मनापुढे उभे राहते. परंतु कामगार चळवळीच्या इतिहासात असेही खटले पुष्कळ झाले आहेत, की ज्यांत वादी आणि प्रतिवादी हे दोघेही कामगारांचेच प्रतिनिधी होते. एका गावातील किंवा एका कारखान्यातील शाखा एका बाजूला, आणि जिच्या नावाने ती शाखा चालते ती देशव्यापी मूळ संघटना दुसऱ्या बाजूला. घरातला हा तंटा न्यायालयाच्या पायरीपर्यंत का येतो, आणि तेथे त्याचा निकाल कशाच्या आधारावर लागतो, हे पाहावयाचे तर अमेरिकेतील अनुभव सर्वांत बोलका आहे. तेथे या विषयावर स्वतंत्र कायदा झाला आणि प्रकरणे थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली.

अमेरिकेतील संघटनांची बांधणी प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. तेथील कामगार आपल्या गावातील शाखेचा सभासद होतो. या शाखेला मूळ संघटना एक सनद देते आणि क्रमांक देते. शाखा आपले पदाधिकारी निवडते, वर्गणी गोळा करते, सभागृह बांधते आणि मालकाशी बोलणी करते. वर्गणीतील ठरावीक भाग दर सभासदामागे मूळ संघटनेकडे जातो. त्या बदल्यात संपाच्या काळात मध्यवर्ती निधीतून भत्ता मिळतो, वकिलांचे साहाय्य मिळते, आणि देशभरच्या समव्यवसायी कामगारांचा आधार मिळतो. मात्र सनद घेताना शाखेने मूळ संघटनेची घटना मान्य केलेली असते, आणि त्या घटनेत बहुधा दोन कलमे असतात. पहिले असे, की विशिष्ट कारण घडल्यास मूळ संघटनेने शाखेच्या पदाधिकाऱ्यांना दूर करून तेथे आपला विश्वस्त नेमावा. दुसरे असे, की शाखा फुटून निघाली तर तिचा पैसा व मालमत्ता मूळ संघटनेकडे जावी. सुरळीत दिवसांत ही कलमे कोणी वाचीत नाही. वाद पेटला, म्हणजे मात्र सभागृहाची किल्ली कोणाच्या हाती राहावी हे तीच ठरवितात.

मिनेसोटा राज्यातील ऑस्टिन या लहान शहरात १९८५ व १९८६ साली जे घडले, त्यावरून या कलमांचे सामर्थ्य कळते. हॉर्मेल या मांस-उद्योगातील कंपनीचा मुख्य कारखाना या शहरात. १९३३ साली तेथील कामगारांनी कारखान्यातच ठाण मांडून संप केला होता, आणि राज्याचे गव्हर्नर फ्लॉइड ओल्सन यांनी स्वतः मध्यस्थी करून तो मिटविला होता. त्या लढ्यातून उभी राहिलेली संघटना पुढे देशव्यापी संघटनेत सामील झाली आणि पी-९ या क्रमांकाची शाखा म्हणून ओळखली जाऊ लागली. संघटनांची विलीनीकरणे होत गेली, आणि १९७९ साली 'युनायटेड फूड अँड कमर्शियल वर्कर्स' ही विशाल संघटना जन्मास येऊन पी-९ ची मूळ संघटना बनली. म्हणजे येथे लेक वयाने आईपेक्षा थोर होती.

ऑक्टोबर १९८४ मध्ये कंपनीने ताशी १० डॉलर ६९ सेंटांचे वेतन ८ डॉलर २५ सेंटांवर आणले. ही कपात सुमारे २३ टक्के होती. शाखेचे अध्यक्ष जिम गायेट आणि त्यांचे सहकारी यांनी ती मानण्यास नकार दिला, आणि ऑगस्ट १९८५ मध्ये सुमारे १५०० कामगार संपावर गेले. आरंभी मूळ संघटनेची या संपास मान्यता होती. परंतु दोघींचे विचार जुळलेले नव्हते. मूळ संघटनेचे म्हणणे असे, की साऱ्या उद्योगातच वेतने घसरत आहेत. अशा वेळी एका कारखान्याने एकट्याने लढणे म्हणजे इतरांना उघड्यावर टाकणे होय. सर्व कारखान्यांतील वेतने प्रथम एका पातळीवर आणावीत आणि मग ती एकत्रितपणे वर न्यावीत. शाखेचे म्हणणे असे, की नफ्यात असलेल्या कंपनीपुढेही जर मान तुकवावयाची, तर संघटना हवी तरी कशाला?

दोन्ही बाजूंना आधार होता, आणि दोन्ही निर्णयांची किंमत माणसांनाच मोजावी लागणार होती. जानेवारी १९८६ मध्ये कंपनीने कारखाना पुन्हा उघडला आणि नवे कामगार घेतले. गव्हर्नर रूडी पर्पिच यांनी नॅशनल गार्डचे सैनिक पाठविले. शाखेने कंपनीच्या इतर कारखान्यांपुढे पिकेटिंग सुरू केले. आयोवा राज्यातील ऑटम्वा येथील शेकडो कामगारांनी ती रांग ओलांडण्याचे नाकारले आणि ते नोकरीस मुकले. मूळ संघटनेला ज्याची धास्ती वाटत होती, तेच हे होते. तिच्याच दुसऱ्या शाखेचे सभासद आता ऑस्टिनच्या लढ्यापायी घरी बसले होते. मार्च १९८६ मध्ये मूळ संघटनेने संपाची मान्यता काढून घेतली आणि संप थांबविण्याचा आदेश दिला. ऑस्टिनच्या कामगारांनी मात्र लढा चालू ठेवण्याचे ठरविले. मे महिन्यात शाखेवर विश्वस्त नेमण्यात आला, आणि प्रकरण न्यायालयात गेले.

जून १९८६ मध्ये केंद्रीय न्यायाधीश एडवर्ड डेव्हिट यांनी मूळ संघटनेच्या बाजूने निर्णय दिला. शाखेचे कार्यालय, हिशेब आणि निधी विश्वस्ताच्या ताब्यात गेले. त्याच वर्षी विश्वस्ताने कंपनीशी नवा करार केला. त्यात संपकऱ्यांना लगेच कामावर परत घेण्याची हमी नव्हती. सभागृहाच्या भिंतीवर संपकऱ्यांनी व त्यांच्या मित्रांनी एक मोठे चित्र रंगविले होते आणि ते दक्षिण आफ्रिकेच्या तुरुंगात असलेल्या नेल्सन मंडेला यांना अर्पण केले होते. विश्वस्तांच्या कारकिर्दीत वाळूचा फवारा मारून ते चित्र पुसून टाकण्यात आले. भिंत शाखेने उभारलेली होती. तीवरील अधिकार आता दुसऱ्याचा होता.

हा निवाडा ऐकून असे वाटण्याचा संभव आहे, की न्यायालयाने संप चुकीचा ठरविला. तसे नव्हते. संप शहाणपणाचा होता की अविचाराचा, हा प्रश्न न्यायाधीशांपुढे नव्हताच. मूळ संघटनेने आपल्या घटनेप्रमाणे पाऊल टाकले काय, शाखेला आपले म्हणणे मांडण्याची संधी मिळाली काय, आणि विश्वस्त नेमण्याचा हेतू कायद्याला मान्य असलेल्या हेतूंपैकी आहे काय, एवढेच त्यांना पाहावयाचे होते. न्यायालयाची ही मर्यादा कायद्यानेच आखून दिली आहे, आणि ती का आखली गेली हे समजण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे.

अमेरिकेतील कोळसा-खाण कामगारांची संघटना ही एके काळी त्या देशातील सर्वांत बलाढ्य संघटनांपैकी एक होती. १९२० पासून १९६० पर्यंत जॉन एल. लुईस हे तिचे अध्यक्ष होते. त्यांनी खाण कामगारांना मोठे लाभ मिळवून दिले. परंतु त्याचबरोबर संघटनेच्या बहुतेक जिल्हा शाखांचे स्वराज्य काढून घेऊन तेथे स्वतः नेमलेली माणसे बसविली. तात्पुरती म्हणून आलेली ही व्यवस्था दशकानुदशके टिकली. खाणीत उतरणाऱ्या माणसाला आपल्या जिल्ह्याचा अध्यक्ष निवडण्याचा अधिकार उरला नाही. इतर काही संघटनांतही विश्वस्त नेमण्याच्या अधिकाराचा उपयोग शाखांचा निधी लुटण्यासाठी आणि अधिवेशनातील मते आपल्या खिशात ठेवण्यासाठी होत असे. सिनेटर मॅक्लेलन यांच्या समितीने १९५७ पासून केलेल्या चौकशीत ही प्रकरणे उजेडात आली, आणि १९५९ साली लँड्रम-ग्रिफिन कायदा संमत झाला.

या कायद्याने मूळ संघटनेचा अधिकार काढून घेतला नाही. त्याला कुंपण घातले. भ्रष्टाचार निपटणे, मालकाशी झालेल्या कराराचे पालन करविणे, लोकशाही कारभार पुन्हा सुरू करणे किंवा संघटनेची इतर रास्त उद्दिष्टे साधणे, यांसाठीच विश्वस्त नेमता येतो. त्याची लेखी माहिती ३० दिवसांच्या आत सरकारच्या मजूर खात्याला द्यावी लागते. विश्वस्ताच्या काळात शाखेचा पैसा, नेहमीची वर्गणी सोडून, मूळ संघटनेकडे नेता येत नाही. आणि गुप्त मतदानाने निवडलेले नसतील तर त्या शाखेच्या प्रतिनिधींची मते अधिवेशनात धरता येत नाहीत. सर्वांत महत्त्वाचे कलम मुदतीचे आहे. घटनेप्रमाणे व रीतसर सुनावणीनंतर नेमलेला विश्वस्त पहिले १८ महिने वैध मानला जातो, आणि वाईट हेतूचा सबळ पुरावा असल्याखेरीज न्यायालय त्यात हात घालीत नाही. १८ महिने उलटले, की पारडे फिरते. मग ही व्यवस्था अजून का हवी, हे मूळ संघटनेलाच सिद्ध करावे लागते.

ऑस्टिनचे कामगार या पहिल्या १८ महिन्यांच्या भिंतीवर आदळले. खाण कामगारांना मात्र याच कायद्याने हात दिला, तोही फार उशिरा. १९६४ साली मजूर-मंत्र्यांनी खाण संघटनेविरुद्ध दावा लावला. त्याचा निकाल लागण्यास १९७२ साल उजाडले. दरम्यान जे घडले ते भीषण होते. पिट्सबर्गकडील जिल्हा शाखेचे नेते जोसेफ याब्लोन्स्की यांनी १९६९ साली अध्यक्ष टोनी बॉइल यांच्याविरुद्ध निवडणूक लढविली आणि जिल्ह्यांच्या स्वराज्याची मागणी केली. ते हरले, आणि ३१ डिसेंबर १९६९ रोजी त्यांचा, त्यांच्या पत्नीचा आणि कन्येचा राहत्या घरी खून झाला. या कटाबद्दल बॉइल यांना पुढे शिक्षा झाली. १९७२ साली न्यायालयाने जिल्ह्यांवरील नेमलेला कारभार बेकायदा ठरविला, १९६९ ची निवडणूकही रद्द केली, आणि वर्षअखेर झालेल्या नव्या निवडणुकीत सुधारणावादी अर्नोल्ड मिलर निवडून आले.

शाखा आणि मूळ संघटना यांच्यातील बंध हा कायद्याच्या दृष्टीने कोणत्या प्रकारचा, हा प्रश्न १९८१ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आला. नळकाम व पाइप-जोडणी करणाऱ्या कामगारांच्या संघटनेने न्यू जर्सी राज्यातील काही शाखांचे एकत्रीकरण करण्याचा आदेश दिला होता, आणि ३३४ क्रमांकाच्या शाखेने त्यास विरोध केला होता. न्यायालयाने असे ठरविले, की संघटनेची घटना हा दोन कामगार संघटनांमधील करार होय. म्हणून १९४७ च्या टाफ्ट-हार्टले कायद्यान्वये त्यावरील वाद केंद्रीय न्यायालयात नेता येतो. या निवाड्याचा अर्थ दुहेरी आहे. शाखा ही मूळ संघटनेची नुसती कचेरी नव्हे, करार करू शकणारी स्वतंत्र संस्था आहे, हे मान्य झाले. पण केलेला करार तिला बांधतो, हेही त्याच वाक्यात आले.

हे बंधन किती आवळले जाऊ शकते, हे कॅलिफोर्नियातील एका अलीकडील प्रकरणात दिसून आले. रुग्णालये व शुश्रूषागृहे यांतील सुमारे दीड लाख कर्मचाऱ्यांच्या शाखेवर 'सर्व्हिस एम्प्लॉइज इंटरनॅशनल युनियन'ने जानेवारी २००९ मध्ये विश्वस्त नेमले. शाखेतील हजारो सभासदांना दुसऱ्या शाखेत हलविण्यावरून हा वाद विकोपास गेला होता. दूर झालेल्या पदाधिकाऱ्यांनी नवी संघटना काढली. शाखेचा पैसा व साधने मूळ संघटनेला विरोध करण्यासाठी वापरली, असा दावा त्यांच्यावर झाला, आणि २०१० साली ज्यूरीने त्यांच्याविरुद्ध सुमारे १५ लाख डॉलरच्या भरपाईचा निर्णय दिला. २०१३ मध्ये अपील न्यायालयाने तो कायम केला. आम्ही आमच्या सभासदांच्या इच्छेप्रमाणे वागलो, हा बचाव टिकला नाही. निवडून दिले ते सभासदांनी, पण निष्ठा मागितली ती संपूर्ण संघटनेने.

भारतातील परंपरा याहून निराळी आहे. १९२६ च्या कायद्याने किमान सात व्यक्तींना आपली संघटना नोंदविण्याचा अधिकार दिला, आणि नोंदलेली संघटना ही स्वतःच्या नावाने मालमत्ता धारण करणारी संस्था मानली. मध्यवर्ती संघटना ही अशा स्वतंत्र संघटनांची जोडणी असे. त्यामुळे १९२९ साली नागपूरच्या अधिवेशनात, पंडित जवाहरलाल नेहरू अध्यक्ष असताना, आयटकमध्ये मतभेद शिगेला पोहोचले, तेव्हा ना. म. जोशी व त्यांचे सहकारी न्यायालयात गेले नाहीत. ते आपापल्या संघटनांसह बाहेर पडले आणि त्यांनी निराळे फेडरेशन स्थापिले. अमेरिकेत शाखेला बाहेर पडणे जड, म्हणून खटले अधिक. भारतात बाहेर पडणे सोपे, म्हणून फुटी अधिक. एका पद्धतीत स्वातंत्र्याची किंमत मोजावी लागते, दुसरीत एकजुटीची.

या साऱ्या प्रकरणांतून एक गोष्ट दिसते. संघटना ही एकाच वेळी दोन वस्तूंची बनलेली असते. एक लिखित घटना, जी दूरदूरच्या अनोळखी कामगारांना एकत्र बांधते. आणि दुसरी, यंत्राशेजारी उभ्या असलेल्या माणसांचा परस्परांवरील विश्वास. न्यायालयाला पहिली वस्तू वाचता येते आणि अमलात आणता येते. दुसरी त्याच्या आवाक्याबाहेरची आहे. म्हणून शाखेच्या सभासदांनी आपली घटना वादाच्या आधी वाचावी, तीत सुनावणीची, मुदतीची आणि फेरनिवडणुकीची तरतूद आहे की नाही हे शांतपणे पाहावे, आणि नसल्यास ती अधिवेशनात मागून घ्यावी. त्याचप्रमाणे मूळ संघटनेच्या धुरीणांनीही ध्यानात ठेवावे, की हुकूमनाम्याने सभागृह, निधी आणि नाव ताब्यात घेता येते. पण त्या सभागृहात पुन्हा माणसे जमावीत यासाठी त्यांना त्या माणसांकडेच जावे लागते.