बूट विभाग आणि सिस्टिम विभाग

विंडोज चालणाऱ्या संगणकांतील डिस्क ही एकच वस्तु दिसत असली, तरी आंत तिचे अनेक विभाग पाडलेले असतात. इंग्रजींत त्यांस पार्टिशन म्हणतात. घरांतील मंडळींचा परिचय बहुधा सी या एकाच विभागाशीं असतो. मुलांचीं छायाचित्रें, पत्रव्यवहार, घरखर्चाचा हिशेब, सर्व कांहीं तेथेंच. परंतु डिस्कचा नकाशा उघडून पाहणारास त्याच्या शेजारीं १०० ते ५०० मेगाबाइटांचा, कोणतेंहि अक्षर न लाभलेला एक चिमुकला विभाग दिसतो, आणि ही अडगळ काढून टाकावी असा मोह त्यास होतो.

संगणक सुरू होणें यास बूट होणें म्हणतात. तेव्हां ज्यावरून संगणक सुरू होतो तो बूट विभाग आणि ज्यांत विंडोज ही सिस्टिम राहते तो सिस्टिम विभाग, असा अर्थ कोणीहि सुशिक्षित मनुष्य करील. मायक्रोसॉफ्टच्या परिभाषेंत वस्तुस्थिति नेमकी उलट आहे. सुरुवातीच्या फाइली असतात तो सिस्टिम विभाग, आणि खुद्द विंडोज नांदते तो बूट विभाग! या उलटापालटीचें समर्थन करण्यांत अर्थ नाहीं; ती पाठच करावी लागते.

जुन्या वाड्याची उपमा द्यावयाची तर सिस्टिम विभाग ही देवडी आणि बूट विभाग हा वाडा. वीज सुरू होतांच मुख्य फलकावरील कायमचा प्रोग्राम जागा होतो. त्यास वाडा ठाऊक नसतो, देवडी तेवढी ठाऊक असते. जुन्या, बायॉस पद्धतीच्या यंत्रांत डिस्कच्या अगदीं आरंभींचा ५१२ बाइटांचा तुकडा वाचला जातो आणि तेथील चार ओळींच्या कोष्टकांत ‘ॲक्टिव्ह’ अशी खूण असलेला विभाग शोधला जातो. नव्या, यूईएफआय पद्धतीच्या यंत्रांत याच कामासाठीं राखलेला एक खास विभाग असतो. तेथें बूट मॅनेजर नांवाचा पहारेकरी बसलेला असतो. त्याच्याजवळ एक नोंदवही असते; विंडोज कोणत्या विभागांत आहे तें तींत पाहून तो कारभार पुढें सोंपवितो. वही नाहींशी झाली, तर वाडा शाबूत असूनहि आंत जाण्यास वाट उरत नाहीं.

२००१ सालच्या विंडोज एक्सपीच्या काळीं देवडी व वाडा बहुधा एकाच सी विभागांत असत, म्हणून नांवांचा घोंटाळा कोणास जाणवला नाहीं. २००९ सालीं विंडोज ७ आलें आणि कोऱ्या डिस्कवर १०० मेगाबाइटांची स्वतंत्र देवडी बांधली जाऊं लागली.

ओळख पटविणें अवघड नाहीं. स्टार्ट बटणावर माउसची उजवी कळ दाबून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडावें. प्रत्येक विभागाच्या चौकटींत त्याचें काम लिहिलेलें असतें: कोठें ‘बूट’, कोठें ‘सिस्टिम’, नव्या यंत्रांत ‘ईएफआय सिस्टिम पार्टिशन’. मात्र दोन डिस्का असल्या, तर हें शेवटलें नांव दोहोंवरहि आढळूं शकतें, आणि चालू देवडी कोणती हें त्यावरून कळत नाहीं. अशा वेळीं ‘डिस्कपार्ट’ उघडून ‘लिस्ट व्हॉल्यूम’ ही आज्ञा द्यावी. शेवटच्या रकान्यांत ‘सिस्टिम’ हा शब्द चालू देवडीपुढेंच येतो. ही आज्ञा केवळ वाचणारी आहे. परंतु त्याच ठिकाणीं ‘क्लीन’ ही आज्ञा निवडलेल्या डिस्कवरील सर्व विभाग काहींएक न विचारतां काढून टाकते, हें विसरून चालणार नाहीं.

ज्यांच्या घरीं जुन्या संगणकांत नवी, वेगवान डिस्क बसवावयाची असेल त्यांना हें ज्ञान विशेष उपयोगी पडेल. जुनी डिस्क आंत तशीच ठेवून नवीवर विंडोज घातलें, तर तिच्यावरील तयार देवडी पाहून पहारेकरी तेथेंच बसविला जातो. वाडा नव्या डिस्कवर, देवडी जुनीवर. महिने दोन महिने सर्व सुरळीत चालतें. पुढें कोणी जुनी डिस्क काढून भंगारांत देतो, आणि दुसऱ्या दिवशीं काळ्या पडद्यावर, सुरू करण्याजोगी डिस्कच नाहीं, असा निरोप येतो. घरचे लोक हवालदिल होतात. वस्तुतः छायाचित्रें नव्या डिस्कवर जशींच्या तशीं असतात. खरें नुकसान पुढें होतें: घाईघाईनें कोणी तरी सर्व विभाग पुसून नवें विंडोज घालतो, आणि मग मात्र तीं जातात.

यास्तव विंडोज घालतांना जुनी डिस्क सोडवून ठेवावी. चूक होऊन गेलीच असेल, तर जुनी डिस्क हाताशीं असल्यास ती पुन्हा जोडावी. संगणक बहुधा पूर्ववत् चालूं लागतो, आणि प्रथम छायाचित्रांची दुसरी प्रत करून घ्यावी. जुनी डिस्क गेलीच असेल, तर जाणकाराकडून नव्या डिस्कवर देवडीपुरती जागा करवून, विंडोजच्या प्रतिष्ठापन-डिस्कवरून ‘बीसीडीबूट’ या आज्ञेनें पहारेकरी व त्याची वही पुन्हा बसवितां येते. दुरुस्ती करणारानें ‘सर्व पुसावें लागेल’ असें म्हटल्यास, ही आज्ञा चालवून पाहिली काय, असें त्यास आधीं विचारावें.