तंबू ठोकण्यापूर्वी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



दिवाळी सरली की घराघरांत एक बेत शिजू लागतो. या वेळी हॉटेल नको, तंबूत राहू. रात्री चांदणं, सकाळी पाखरं आणि समोर पाणी. हे 'समोर पाणी' प्रत्येकाला हवं असतं. तंबूचं दार उघडलं की पुढ्यात तळं दिसावं, अशी आपली कल्पना. आज बोलायचंय ते याच कल्पनेबद्दल, आणि उदाहरणासाठी जागा घेतलीय आपल्या रायगडच्या किनाऱ्यावरची, फणसाड.

मुरूड-काशीदला जाणाऱ्या पुष्कळांना ठाऊकच नसतं की डाव्या हाताला जो हिरवा डोंगर सोबत करतो, ते अभयारण्य आहे. रेवदंड्याच्या खाडीवरचा साळावचा पूल ओलांडला की उजवीकडे समुद्र आणि डावीकडे जंगल, अशी ती वाट. एके काळी ही जंजिऱ्याच्या नवाबांची राखीव शिकारीची जागा. संस्थान १९४८ साली विलीन झालं आणि १९८६ साली या रानाला अभयारण्याचा दर्जा मिळाला. मुरूड नि रोहा तालुक्यांतलं हे रान तसं लहानच, पन्नासहून थोडे अधिक चौरस किलोमीटर. पण ऐन, किंजळ, अंजनी आणि हातभर लांब शेंगांची ती अजस्र गारंबीची वेल, सारं इथे आहे. शेकरू आहे, भेकर आहे, सांबर आहे, बिबट्याही आहे. सुपेगावच्या बाजूला वनखात्याने पर्यटकांच्या मुक्कामाची सोय केलेली आहे.

आता पाण्याचं. या रानात मोठं सरोवर नाही. आहेत ते पाणवठे. इथली माणसं त्यांना 'गाण' म्हणतात. फणसाड गाण, चिखलगाण अशी त्यांची नावं. पावसाळ्यानंतर हे सारे भरलेले असतात. फाल्गुन लागला की एकेक आटू लागतो आणि चैत्र-वैशाखात थोड्याच ठिकाणी ओल उरते. साऱ्या रानाची तहान तेवढ्यावर भागते. दिवसा पाखरं आणि वानरं, तिन्हीसांजेला भेकर, रात्री सांबर, रानडुक्कर आणि सगळ्यांच्या मागून बिबट्या. प्रत्येकाची वेळ ठरलेली, वाट ठरलेली.

आणि नेमक्या त्याच काठावर आपल्याला तंबू हवा असतो!

सांबर मोठं असलं तरी भित्रं. माणसाचा वास आला, बॅटरीचा झोत दिसला, कोणी नुसतं खोकलं, तरी ते झाडीत उभं राहतं, पुढे येत नाही. आपण रात्री गप्पा मारत बसतो आणि 'एकही प्राणी दिसला नाही बुवा' अशी तक्रार करत झोपतो. ते जनावर मात्र तहानलेलं परत गेलेलं असतं. नोव्हेंबरात ते दुसऱ्या पाणवठ्यावर जाईल. एप्रिलमध्ये जाणार कुठे? म्हणून माझं मत स्पष्ट आहे. पाण्याकाठी तंबू ही कल्पना अभयारण्यापुरती डोक्यातून काढून टाका. मुक्काम गावाच्या कडेला, वनखात्याने ठरवून दिलेल्या जागी. पाणवठा पाहायचा तो दिवसा, वाटाड्याबरोबर, आणि पाहून मागे फिरायचं. कायदाही तेच सांगतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे अभयारण्यात परवानगीशिवाय शिरता येत नाही, मग मनाला येईल तिथे तंबू ठोकणं दूरच.

दुसरी गोष्ट गिधाडांची. पांढऱ्या पाठीची गिधाडं फणसाडच्या उंच झाडांवर घरटी करत आली आहेत. गुरांना दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेलं आणि देशभर गिधाडं संपत गेली. गुरांसाठीच्या या औषधावर २००६ साली बंदी आली. त्यातून वाचलेल्यांवर ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं. रायगडच्या किनाऱ्यावरच ते धडकलं आणि इथली कितीतरी मोठी झाडं आडवी झाली. गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडं घालते आणि तिचा विणीचा काळ ऑक्टोबरपासून उन्हाळ्यापर्यंतचा, म्हणजे नेमका आपला सहलीचा हंगाम. गाडीच्या टपावर भोंगा लावून येणाऱ्या मंडळींना एवढंच ठाऊक असलं तरी पुरे.

बरं, सामानाकडे वळू. तंबू विकत घेताना 'दोन माणसांचा' असं लिहिलेलं असेल तर त्यात एक माणूस आणि त्याची पिशवी मावते असं समजावं. चौघांचं कुटुंब असेल तर दोन तंबू घ्या. तंबू दुहेरी कापडाचा हवा. आपल्या किनाऱ्यावर थंडीत दव पडतं ते नुसतं ओलावा म्हणण्यासारखं नसतं, पहाटे कापडावरून अक्षरशः थेंब ओघळतात. त्यात आतल्या माणसांच्या श्वासाची वाफ. एकेरी कापड असेल तर सकाळी अंथरूण ओलं. वरची झडप थोडी उघडी ठेवून वारा खेळू द्यायचा. खाली अंथरायचं प्लास्टिक तंबूच्या तळापेक्षा बोटभर लहानच असावं. ते बाहेर डोकावलं की दवाचं सगळं पाणी गोळा करून आपल्या पाठीखाली आणून सोडतं.

जागा निवडताना वर पाहा. वाळकी फांदी नको, आणि कोणाच्या वाडीत उतरत असाल तर नारळाचं झाड तर मुळीच नको! काशीदच्या बाजूला पुळणीवर तंबू टाकायचा मोह होतो. तिथे भरतीची रेषा पाहायची ती पुनवेच्या-अवसेच्या उधाणाची, कालच्या भरतीची नव्हे. मुंबईहून भाऊच्या धक्क्यावरून रेवसला लाँचने येणार असाल तरीही भरती-ओहोटीच्या वेळा आधी पाहा, कारण ओहोटीला रेवसचं बंदर गाळात असतं. गाडी आणायची तर २०२० पासून मांडव्याला रो-रो बोट आहे.

पिण्याचं पाणी माणशी दिवसाला चार-पाच लिटर धरा. थंडी असली तरी किनाऱ्याची हवा दमट, चालताना घाम निथळतो. खाण्याचे पदार्थ तंबूत ठेवू नका. मुरूडच्या बाजारातून सुकट आणि सुके बोंबील घेऊन ते उशाशी ठेवून झोपणारी मंडळी मी पाहिली आहेत. अशा वासाने रात्री कोण भेटीला येईल, याचा नेम नाही. सुकी मासळी परतीच्या वाटेवर घ्यावी.

आता जरा गंभीर विषय. कोकणातला लाल विंचू आणि साप. एके काळी महाड-पोलादपूरकडे विंचूदंशाने धडधाकट माणसं, लहान मुलं जात. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून निरीक्षणं केली आणि प्राझोसिन हे रक्तदाबावरचं साधं औषध त्यावर चालतं, हे दाखवून दिलं. १९८६ साली त्यांचा लेख 'लॅन्सेट'मध्ये आला. शंभरात तीस-चाळीस रुग्ण दगावत, ते प्रमाण एकाच्या आसपास आलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. रायगडच्या मातीतलं हे संशोधन पुढे जगाने वापरलं. पण औषध वेळेवर मिळायला हवं. विंचू चावल्यावर दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणं अशी लक्षणं दिसली की उतारा करणाऱ्याकडे न जाता थेट दवाखाना.

सापांमध्ये मण्यार तंबूवाल्यांनी लक्षात ठेवावी. ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि पुष्कळदा दंश कळतही नाही. पहाटे पोटात दुखू लागलं, पापण्या जड झाल्या, तर अपचन म्हणून सोडा-लिंबू देत बसू नका. तंबूची चेन रात्रभर पूर्ण बंद, बूट आत, सकाळी झटकून घालायचे. दंशाच्या जागी कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही. तो अवयव हलवू न देता रुग्णालय गाठायचं. मुरूडला ग्रामीण रुग्णालय आहे, अलिबागला जिल्हा रुग्णालय. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे, पण रानात मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही. म्हणून मुक्कामाच्या गावात संध्याकाळीच विचारून ठेवा, रेंज कुठे येते आणि रात्री गाडी कोणाकडे मिळेल.

आणि शेकोटी? अभयारण्यात नाही. जानेवारीनंतर पाचोळा इतका वाळतो की एक ठिणगी पुरते. पण शेकोटीवाचून सहल सुनी वाटत असेल, तर त्यावर या किनाऱ्याचा स्वतःचा तोडगा आहे. पोपटी! वालाच्या शेंगा भरल्या की अलिबाग-मुरूडकडे शेतात संध्याकाळी पोपटी लागते. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, बटाटे, कांदे, हवी तर मसाला लावलेली कोंबडी आणि अंडी, मधून ओवा नि जाडं मीठ, वरून पुन्हा पाल्याने तोंड बंद. पाण्याचा थेंब घालायचा नाही. मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती काटक्या, पेंढा रचून जाळ करायचा. अर्ध्या-पाऊण तासात पाल्याचा तो उग्र-गोड वास सुटतो. गावातल्या एखाद्या घरी आधी सांगून ठेवलं, पैसे मोकळेपणाने दिले, तर शेतमालकाच्या देखरेखीत, रानापासून लांब, मोकळ्या शेतात ही मजा घेता येते. शिवाय चार पैसे गावात राहतात. जंगल राखायला शेवटी गावच हवं, त्यामुळे शहरातून सगळं खाणं बांधून आणणं मला तरी पटत नाही.

इतकं ऐकूनही कोणी म्हणेल, रात्री पाण्याकाठी बसायचंच आहे. तर त्यालाही एक वाट आहे. बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनखातं राज्यातल्या अभयारण्यांत पाणवठ्यांवर मचाणं बांधून प्राण्यांची नोंद करतं आणि हौशी निसर्गप्रेमींनाही त्यात घेतं. फणसाडलाही अशा नोंदी झाल्या आहेत. नावं आधी द्यावी लागतात, जागा मोजक्याच असतात. संध्याकाळी मचाणावर चढायचं ते सकाळीच उतरायचं. बोलायचं नाही, बॅटरी लावायची नाही, अत्तर लावून यायचं नाही. पांढरा सदरा घरी ठेवा. पाण्याची बाटली अशी आणा की जिचं झाकण करकरणार नाही, आणि खायला चिवडा नको, गुळपोळी चालेल.