ताप उतरला, आता खरं लक्ष द्या

आज रेकॉर्डिंगच्या मागे मोटारीची घरघर ऐकू येईल, तेवढं सांभाळून घ्या. आमच्या गल्लीत आज पाणी आलंय, आणि सोलापुरात पाणी आलेलं असताना कुणाला मोटार बंद करा म्हणायची माझ्यात तरी हिंमत नाही.

आजचा विषय या पाण्यापर्यंत येणारच आहे. पण सुरुवात एका मित्रापासून करतो.

हा मित्र अशोक चौकाकडे राहतो, टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. कोजागरीच्या चार दिवस आधी त्याला सणकून ताप भरला. डोळ्यांच्या मागे ठणका, कंबर मोडल्यासारखी, तोंडाची चव गेलेली. डॉक्टरांकडे गेला, रक्त तपासलं, डेंग्यू निघाला. डॉक्टरांनी तापाची गोळी दिली, भरपूर पाणी प्यायला सांगितलं आणि रोज येऊन दाखव म्हणाले. हा पहिले दोन दिवस गेला. चौथ्या दिवशी सकाळी अंग एकदम गार. थर्मामीटर लावला तर ताप नाही.

आता कोजागरी म्हणजे काय, हे सोलापूरकरांना सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगतो. त्या पौर्णिमेला इथून लोक तुळजापूरला चालत जातात, साधारण 45 किलोमीटर, रात्रभर. रस्ता माणसांनी फुललेला असतो, जागोजागी चहा-फराळ चालू असतो. आमचा हा मित्र दरवर्षी जाणारा. ताप उतरलेला बघून म्हणाला, "आता काय नाय झालं बे मला. आईनंच बोलावलंय."

दुपारी त्याची मोठी बहीण घरी आली. ती आशा कार्यकर्ती आहे. तिनं ताप विचारलाच नाही. विचारलं काय, तर "सकाळधरनं लघवीला गेलतास का?"

तो गेला नव्हता. सकाळपासून दोनदा उलटी झाली होती, पोट दुखत होतं, आणि ते त्यानं गॅसवर ढकललं होतं. बहिणीनं हात हातात घेतला तर तळवा थंड आणि ओलसर. मग काय, रिक्षा बोलावली आणि तुळजापूरऐवजी दवाखाना. तीन दिवस ॲडमिट होता. आज ठणठणीत आहे, आणि हा किस्सा सांगायला त्याचीच परवानगी आहे. फक्त नाव घेऊ नको म्हणाला.

हा भाग मी का करतोय, तर मलाही तोवर हे माहीत नव्हतं. ताप उतरला म्हणजे माणूस बरा झाला, हे आपण लहानपणापासून शिकलोय. बहुतेक तापांत ते बरोबरही असतं. डेंग्यूत मात्र धोक्याचा काळ साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात, ताप खाली यायला लागतो तेव्हाच सुरू होतो. पुढचे 24 ते 48 तास महत्त्वाचे.

का, ते सोप्या भाषेत सांगतो. या काळात काही जणांच्या बारीक रक्तवाहिन्या झिरपायला लागतात. रक्तातला पातळ भाग, प्लाझ्मा, वाहिन्यांच्या बाहेर पोटात, छातीत जमायला लागतो. आत राहिलेलं रक्त घट्ट होतं, बीपी खाली येतो, शरीर हातापायांचं रक्त कमी करून मेंदू आणि हृदयाकडे वळवतं. म्हणून हात-पाय गार. किडनीला रक्त कमी मिळतं, म्हणून लघवी कमी. त्या बहिणीनं एका प्रश्नात हे सगळं तपासलं होतं, बघा.

लगेच घाबरू नका. डेंग्यू झालेले बहुतेक लोक घरीच बरे होतात. पण ज्यांचं बिघडतं त्यांचं आधी काही ना काही दिसतं, आणि ते घरातल्या माणसाला दिसतं. पोटात सतत, जोरात दुखणं. उलट्या न थांबणं. हिरड्यातून, नाकातून रक्त, किंवा शौचाला डांबरासारखं काळं होणं. दम लागणं. सहा तासांत एकदाही लघवी न होणं. आणि एक सहज निसटणारी खूण: माणूस एकदम सुस्त होतो, किंवा उगाच चिडचिड, तळमळ करतो. "ताप गेला, आता झोपू दे त्याला" असं आपण म्हणतो, तेव्हा एकदा उठवून दोन वाक्यं बोलून बघा. यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच निघायचं. लहान मुलं, गरोदर बाई, म्हातारी माणसं, शुगरवाले, आणि ज्यांना आधी एकदा डेंग्यू झालाय ते, यांच्या बाबतीत तर जास्तच जागरूक राहायचं. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत, एकदा झाला म्हणजे सुटलो असं नसतं. उलट दुसऱ्या वेळी जास्त बिघडण्याची शक्यता असते.

आता प्लेटलेट. आपल्याकडे डेंग्यू म्हटलं की व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिला मेसेज "प्लेटलेट किती?" क्रिकेटचा स्कोअर विचारावा तसा. मित्राच्या 40 हजारांच्या खाली गेल्या होत्या, घरच्यांनी रक्तपेढीला फोन सुरू केले. डॉक्टरांनी थांबवलं. रक्तस्राव नसेल तर नुसत्या आकड्यासाठी प्लेटलेट चढवायची गरज सहसा पडत नाही. डॉक्टर त्याच रिपोर्टमधल्या हिमॅटोक्रिटकडेही बघत असतात, काही लॅब त्याला पीसीव्ही लिहितात. रक्त किती घट्ट झालंय ते त्यावरून कळतं. पपईच्या पानाच्या रसाबद्दल माझं मत विचाराल तर नको. त्यानं रक्तवाहिन्यांची गळती थांबते याचा पुरावा नाही, आणि तो कडू रस पिऊन उलटी झाली तर ती रसाची की आजाराची, हे कसं ओळखायचं?

गोळीचं मात्र नीट ऐका. ताप आला की आपण मेडिकलमध्ये जातो आणि "अंग लई दुखतंय, भारी गोळी दे" म्हणतो. भारी गोळी म्हणजे बऱ्याचदा आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक. डेंग्यूची शंका असताना या आणि ॲस्पिरिन घ्यायच्या नाहीत, रक्तस्राव वाढू शकतो. साधी पॅरासिटामॉल, तीही डॉक्टर सांगतील त्या अंतरानं. हृदयासाठी आधीपासून ॲस्पिरिन चालू असेल तर मनानं बंद न करता त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा. सोबत ओआरएस, ताक, पेज, नारळपाणी, थोडं थोडं पण सारखं. बीट किंवा लाल सरबत तेवढे दिवस टाळा, उलटीत लाल दिसलं तर रक्त आहे की सरबत, हा घोळ होतो.

आता आमच्या मोटारीकडे येऊ. आपल्याकडे वर्षानुवर्षं नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतंय. उजनीत पाणी असो नसो, घरात बॅरल, हौद, टाकी भरलेलीच. त्यात उन्हाळ्यात पारा 43 च्या वर, म्हणजे घरोघरी कूलर, त्याच्या टाकीतही पाणी. डेंग्यू पसरवणारा एडिस डास असलं साठवलेलं स्वच्छ पाणीच शोधतो. तो दिवसा चावतो, आणि सहसा आपल्याच घराच्या आसपास वाढलेला असतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात.

मग तुम्ही म्हणाल, पाचव्या दिवशी पाणी बदलतंच की. बदलत नाही ना! आपण उरलेल्या पाण्यावरच नवं भरतो. आणि बॅरल रिकामा केला तरी अंडी पाण्यात नसतात, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या भिंतीला चिकटलेली असतात. कोरडी पडली तरी महिनोनमहिने टिकतात, पाणी लागलं की अळ्या. त्यामुळे नुसतं ओतून भागत नाही, काथ्यानं भिंत घासावी लागते. सगळी भांडी एका दिवसात होणार नाहीत हे मलाही कळतं, पाणी ओतून द्यायला जीव होत नाही. पाणी यायच्या आदल्या दिवशी जे भांडं तळाला गेलंय ते आधी घासायचं, उरलेलं पाणी संडासला, फरशीला वापरायचं. आठवड्यात प्रत्येक भांड्याची एकदा पाळी यायला हवी. हौद रिकामा करणं जमतच नसेल तर झाकण, तेही फट न ठेवता, नाहीतर वरून जुनी साडी ताणून बांधायची.

मोटार थांबली वाटतं. आमचा निळा बॅरल आज माझ्याकडे आहे, आई दोनदा दारात येऊन बघून गेली. पुढच्या आठवड्यात भेटू.