सणाला घर भरतं तेव्हा



आपल्या जबलपूरच्या मराठी घरांत भादव्यात महालक्ष्म्या बसतात, तेव्हा नागपूर, पुणे, बंगळूरहून माणसं येतात. पुरणपोळी, आंबील, सोळा भाज्या सगळं होतं. मूळ नक्षत्रावर विसर्जन झालं की जो तो गाडी पकडतो. बोलायचं ते मात्र राहून जातं.

म्हणून आज राजेश मापुस्कर यांच्या 'व्हेंटिलेटर' या २०१६ च्या सिनेमाबद्दल बोलतो. दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. गणपती तोंडावर आलेत आणि कामेरकर कुटुंबातले एक वडीलधारे व्हेंटिलेटरवर आहेत. सगळा गोतावळा इस्पितळात जमतो. काळजी कसली? सुतक लागलं तर गणपतीचं काय! आपण हसतो, कारण ही माणसं आपल्या ओळखीची आहेत.

पण हसता हसता सिनेमा आपल्याला गाठतो. जितेंद्र जोशींनी साकारलेल्या प्रसन्नाचं वडिलांशी पटत नाही, आणि व्हेंटिलेटरचा निर्णय त्यालाच घ्यायचा आहे. ज्याच्याशी धड बोलणं नाही, त्याच्या श्वासाचा निर्णय कसा घ्यायचा? कोपऱ्यात उभे राहून सल्ले देणारे पुष्कळ, सही करणारा एकटा.

हे फक्त आपल्याकडेच नाही. सर्बियात 'स्लाव्हा' नावाचा सण आहे. आपल्या कुलदैवतासारखा प्रत्येक घराण्याचा एक संत असतो, बापाकडून मुलाकडे आलेला. त्याच्या दिवशी मेणबत्ती लावतात, खास पाव करतात, पाहुणे येतात. २०१४ मध्ये युनेस्कोने या सणाला वारसा यादीत घेतलं. सण कुठलाही असो, एका छताखाली माणसं जमली की जुनी दुखणी वर येतातच.

आता कामाची गोष्ट. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'लिव्हिंग विल'ला मान्यता दिली. बरं होण्याची आशा उरली नसेल आणि स्वतः सांगता येत नसेल, तर कोणते उपचार नकोत, हे आधीच लिहून ठेवता येतं. २०२३ मध्ये पद्धत सोपी झाली : दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी.

तेव्हा यंदा महाप्रसादानंतर, सुपारी कातरताना, आईवडिलांना विचारा, तुम्हाला काय हवं आहे? विषय अशुभ वाटेल. एखादी काकू रागावेलही. रागावू द्या. ऐन वेळी इस्पितळाच्या व्हरांड्यात भांडण्यापेक्षा घरच्या ओसरीवरचं हे बोलणं बरं.