परसातील माती आणि शिसे

परसात दोन वाफे खणावेत, त्यांत मेथी, मुळा, वांगी लावावीत आणि घरची भाजी म्हणून ती निर्धास्तपणे मुलांच्या ताटात वाढावी, ही गृहस्थाची हौस सर्व देशांत सारखीच आहे. परंतु भाजीचा निर्मळपणा मातीच्या निर्मळपणावर अवलंबून असतो, आणि जुन्या शहरांतील माती पुष्कळदा शिशाने दूषित झालेली असते.

ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन शहरी डॉ. लॉकहार्ट गिब्सन यांनी १९०४ साली दाखवून दिले, की मुलांना होणाऱ्या शिसेबाधेचे मूळ व्हरांड्याच्या कठड्यांना दिलेल्या रंगात आहे. उन्हाने त्या रंगाची भुकटी होई, ती बोटांना लागे आणि बोटांवाटे पोटात जाई. क्वीन्सलँडमध्ये १९२२ साली मुलांच्या हाताशी येणाऱ्या भागांवर असा रंग देण्यास कायद्याने बंदी झाली.

तथापि भिंतीवरून गळलेला रंग नाहीसा होत नाही. शिसे कुजत नाही आणि पावसाबरोबर फारसे खोलही जात नाही. वरच्या थरातील मातीच्या कणांना ते धरून राहते. म्हणून जुन्या घराच्या भिंतीलगत, पागोळ्या पडतात त्या पट्ट्यात, त्याचे प्रमाण बहुधा अधिक असते. रस्त्याकडेच्या मातीत शिसेयुक्त पेट्रोलाच्या धुराने भर घातली. असे पेट्रोल भारतात २००० साली व ऑस्ट्रेलियात २००२ साली बंद झाले. पूर्वी साचलेले शिसे मात्र तेथेच राहिले. सिडनीच्या मॅक्वारी विद्यापीठाने २०१३ पासून नागरिकांच्या बागांतील माती तपासली, तेव्हा जुन्या वस्तीतील अनेक बागांत किलोमागे ३०० मिलिग्रॅम या तेथील मर्यादेहून अधिक शिसे आढळले.

शिसे शरीरात कॅल्शियमची जागा घेऊन हाडांत साठते व वाढत्या मेंदूची हानी करते. निरुपद्रवी म्हणता येईल असे त्याचे प्रमाण ज्ञात नाही.

यावर उपाय साधे आहेत. प्रथम माती तपासून घ्यावी. वाफे भिंतीपासून व रस्त्यापासून दूर ठेवावेत. शंका असल्यास स्वच्छ माती व कंपोस्ट खत घालून उंच वाफे करावेत. वांगी, टोमॅटो अशा फळभाज्यांत शिसे थोडेच उतरते. पालेभाज्या व मुळे यांत, आणि त्यांना चिकटलेल्या मातीत, ते अधिक असते. म्हणून भाजी नीट धुवावी, मुळे सोलावीत. उघडी जमीन हिरवळीने झाकावी आणि खेळून आलेल्या मुलांचे हात जेवणापूर्वी धुवावेत. जुना तैलरंग खरवडताना त्याची भुकटी अंगणात पडू देऊ नये. आज तेथे पडलेला रंग नातवंडांच्या काळीही त्याच मातीत राहील.