घारापुरीचें गोडें पाणी

धाराशिव जिल्ह्याला समुद्र नाहीं. तेथील माणसाला पाणी म्हटलें म्हणजे विहीर, तलाव आणि मृगाचे ढग आठवतात. त्या मुलखांतील एखादें कुटुंब मुंबईस येतें, अपोलो बंदरावर लाँचमध्यें बसतें आणि घारापुरीकडे निघतें, तेव्हां चोहोंकडे पसरलेलें पाणी पाहून त्याचे डोळे दिपून जातात. तासाभरांत शहराचा गजबजाट मागें पडतो आणि दोन टेकड्यांचें, झाडीनें झांकलेलें बेट समोर उभें राहतें.

या मंडळींस लेणीं नवीं नाहींत. धाराशिव शहराजवळच्या डोंगरांत प्राचीन लेणीं आहेत. जिल्ह्यांतील तेर म्हणजे पूर्वींचें तगर. तेथील माल गाड्यांतून भडोचच्या बंदरास जात असे, अशी नोंद पहिल्या शतकांतील एका ग्रीक ग्रंथांत आहे. समुद्र दूर खरा. परंतु त्याच्याशीं या मुलखाचें नातें जुनें आहे.

पायऱ्या चढून मुख्य लेण्यांत शिरावें. अंधाराला डोळे सरावले म्हणजे सुमारें 20 फूट उंचीचें सदाशिवाचें त्रिमुख शिल्प दिसूं लागतें. एकीकडे उग्र मुख, दुसरीकडे कोमल, आणि मध्यें तें गंभीर, मिटल्या डोळ्यांचें. हें काम बहुधा सहाव्या शतकांतलें. पोर्तुगीजांनीं या बेटाला नांव दिलें तें येथील दगडी हत्तीवरून. तो हत्ती आतां मुंबईस राणीच्या बागेंत आहे.

लेण्याच्या आवारांत कातळांत खोदलेलें एक टांकें आहे. बहुतेक प्रवासी त्यावरून नजर फिरवून पुढें जातात. धाराशिवचा माणूस मात्र तेथें थबकतो. भोंवतालीं अथांग पाणी, आणि पिण्यास त्यांतला एक घोंटही नाहीं! बेटावर नदी नाहीं. जें आकाशांतून पडेल तें सांठवावें, आणि चार महिन्यांच्या पावसावर पुढले आठ महिने काढावे. देवाचें मुख कोरणाऱ्यांनीं हा हिशेब आधीं मांडला होता. तो दुष्काळी मुलखांतल्या माणसाला कोणी समजावून द्यावा लागत नाहीं.

हा हिशेब बेटावरच्या लोकांना आजही सुटलेला नाहीं. शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर या तीन वस्त्यांत माणसें पिढ्यान्‌पिढ्या राहत आलीं आहेत. 1987 सालीं येथील लेणीं जागतिक वारसा ठरलीं. समुद्राच्या तळाशीं घातलेल्या तारेनें वस्त्यांना वीज मिळाली ती 2018 सालीं. या दोन वर्षांमधील 31 वर्षें जगभरचे प्रवासी दिवसाउजेडीं येऊन गेले. रात्रीचा काळोख गांवकऱ्यांच्या वांट्याला राहिला.

सोमवारीं लेणीं बंद असतात, एवढें ध्यानांत ठेवून इतर कोणत्याही दिवशीं जावें. पिण्याचें पाणी बरोबर न्यावें, आणि रिकामी बाटली परत आणावी. संध्याकाळीं लाँच परत फिरते. सकाळीं ज्या पाण्यानें डोळे दिपले होते, त्याकडे आतां त्या कुटुंबाचें लक्ष नसतें. हिरव्या टेकडीच्या पोटांतलें तें लहानसें टांकेंच त्याच्या डोळ्यांपुढें असतें.